उजवी मिशी गहाण

आमचे आबा कित्येक वर्षं गिरगावात डाव्या मिशीला पीळ देऊन आणि उजवी मिशी खाली सोडून हिंडत असत. डावी अशी वर कानाकडे निघालेली आणि उजवी ओल्या कुंच्यासारखी ओठावरून लोंबलेली. नवा माणूस आधी बघायचा, मग वळून बघायचा, आणि मग वाडीतल्या कुणाला तरी बाजूला घेऊन हळूच विचारायचा, “ह्यांना काय झालंय हो?” वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, “काही झालं नाही. ती उजवी बाजू गहाण आहे.”

तुम्हाला वाटेल, म्हातारी थापा मारतेय. मारू द्या म्हणा. पण मी ती मिशी रोज बघितलेली आहे, आमटीत बुडताना बघितलेली आहे, आणि ती गहाण टाकायचं आबांनी ठरवलं तेव्हा मी तिथंच बसले होते.

आबा म्हणजे माझे चुलत सासरे. ही प्लेगच्या आधीची मुंबई. ट्रामला घोडे होते आणि मी नवी सून होते. घरात सासूबाई, आबा, आमच्याकडचे हे, आणि मी. माझे सासरे फार लवकर गेले. आबांची बायकोही लग्नानंतर वर्षभरातच वारली होती. पुष्कळ मुली सांगून आल्या, पण आबा पुन्हा बोहल्यावर चढले नाहीत. “भावाचा मुलगा आहे ना, पुरे झाला एक,” म्हणायचे. तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलेलं. ह्यांचं नाव मी घेणार नाही, आता या वयात ती सवय कशाला मोडा? बाकीचे त्यांना सदू म्हणत, एवढं कळलं तरी पुरे.

आबा नोकरीला एका विलायती कंपनीच्या कापसाच्या वखारीत कारकून. पलटणीचं तोंड कधी बघितलं नाही आणि तलवार पाहिली ती दसऱ्याला पाटावर. पण मिशी मात्र सुभेदाराची. सकाळी तेल, संध्याकाळी पीळ, आणि मधल्या वेळात सल्लामसलत. कारण आबांना काहीही विचारा, वांगी घ्यायची की दोडकी, पोरीला हे स्थळ बरं की ते, उत्तर एकच. “मिशीला विचारून सांगतो.” मग दोन्ही हातांनी दोन्ही टोकं धरायची, डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं निकाल. “वांगी.” त्यावर अपील नाही.

आणि कर्जाचा असा तिटकारा की विचारू नका. सासूबाईंनी शेजारून वाटीभर विरजण आणलं की आबांचा जीव टांगणीला. “वहिनी, ते परत कधी करणार?”

“अहो भावोजी, दही लागल्याशिवाय विरजण परत कसं करू?”

मग दही लागेपर्यंत आबा शेजारच्या दारावरून जायचे नाहीत. मागच्या जिन्यानं खाली उतरायचे. तोंड चुकवून हो! वाटीभर विरजणासाठी!

तर असा हा माणूस. आणि ह्याच माणसाच्या घरात ते संकट आलं. म्हणजे झालं असं की, हे मॅट्रिक पास झाले.

हसू नका. तेव्हा मॅट्रिक पास होणं म्हणजे केवढं! वाडीत साखर वाटली, आबांनी दोन्ही मिशा इतक्या पिळल्या की डोळ्यांत जातील असं वाटलं. आणि साखर संपायच्या आत प्रश्न उभा राहिला, पुढं काय? ह्यांना कॉलेजात जायचं होतं. बी.ए. व्हायचं होतं, हायस्कुलात मास्तर व्हायचं होतं. तोंडानं एक शब्द बोलले नाहीत, पण पानावरून अर्धपोटी उठायला लागले. कॉलेजची फी, पुस्तकं, सगळा खर्च म्हटला तर आबांच्या पगारात घर चालायचं तेच ओढूनताणून. म्हणजे कर्ज काढायचं, नाहीतर शिक्षण सोडायचं.

वाडीला तर विषयच मिळाला. संध्याकाळ झाली की विहिरीजवळच्या ओट्यावर सभा भरायची. त्या सभेचे मुख्य वक्ते समोरच्या खोलीतले दाजीबा. दाजीबा कोर्टात बेलीफ. उभं आयुष्य लोकांच्या घरातली भांडीकुंडी जप्त करण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांना जगातली कुठलीही वस्तू दिसली की पहिला विचार हाच, ही उचलून नेता येईल का?

“हे बघा,” दाजीबा मांडी ठोकून म्हणायचे, “शेतावर कर्ज काढलं तर शेत जप्त करता येतं. लग्नासाठी काढलं तर निदान सून तरी घरात दिसते. विद्येसाठी काढलं तर काय? पोरगा नापास झाला तर सावकारानं काय त्याचं टाळकं जप्त करायचं?”

“बरोबर!” हे ओरडणारे कोण? आबा! “ऋण काढून सण नको आणि ऋण काढून विद्याही नको!”

“आणि चिंचपोकळीला गिरणीत टाइमकीपरची जागा आहे, माझ्या ओळखीची. रोख पगार. उद्यापासून.”

“रोख पगार!” आबा म्हणायचे. पण हे म्हणताना त्यांचा आवाज जरा पडायचा, आणि ओट्याच्या कडेला मान खाली घालून बसलेल्या पुतण्याकडे ते बघायचे नाहीत.

दुसरे कुणी म्हणायचे, विद्येसारखं धन नाही, चोर नेत नाही, भाऊ वाटून घेत नाही. त्यावर दाजीबा, “पण वाणी उधार तरी देतो का त्या धनावर?” आणि सगळे हसायचे. मी वरच्या गॅलरीत धुणं वाळत घालताना ऐकायची आणि मला असा राग यायचा! ह्यांच्या आयुष्याचा निकाल, आणि ह्या लोकांना करमणूक!

शेवटी निकाल लावला सासूबाईंनी. एका सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात समोर बसवलं, माझ्या हातांना खोबरेल चोपडलं आणि पाटल्या ओढायला सुरुवात केली. त्या पाटल्या माझ्या वडिलांनी लग्नात घातलेल्या. नारळाची छोटी वाडी होती आमची, त्यावर किती वर्षं पै-पै साठवून केलेल्या. मनगट लग्नानंतर भरलेलं, त्यामुळे त्या काही निघेनात. सासूबाई ओढत होत्या आणि रडत होत्या. मी रडत नव्हते. ह्यांच्यासाठी देत होते ना! पण दुखत होतं, खोटं कशाला सांगू, आणि नुसता हातच दुखत होता असं नाही.

तेवढ्यात आबा दारात.

“वहिनी, हे काय चाललंय?”

“फीची सोय, भावोजी.”

“हे सोनं कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? घरचं.”

“घरचं नाही. तिच्या बापाचं.” आबांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “शिकणार आमचा मुलगा आणि उघडे हात दुसऱ्याच्या मुलीचे? वा रे वा! कर्ज वाईटच. पण गहाण पडायचंच असेल तर ज्याचं त्यानं पडावं.”

“मग तुमच्याकडे आहे काय गहाण टाकायला?” सासूबाईही चिडल्या. “सांगा ना!”

आबा म्हणाले, “मिशीला विचारून सांगतो.” आणि गॅलरीत गेले. दोन्ही हातांनी दोन्ही टोकं धरून उभे राहिले. त्या दिवशी मिशीनं उत्तर द्यायला फार वेळ लावला. परत आले ते पगडी घालूनच.

“वहिनी, तिच्या हातावरचं तेल पुसा,” म्हणाले, आणि ह्यांना बरोबर घेऊन जिना उतरले.

पुढचं ह्यांनी सांगितलेलं. मुंबादेवीजवळ हरखचंद शेठची पेढी होती. शेठ कापसाच्या धंद्यातला, आबांची आणि त्याची वखारीतली ओळख. आबांनी बघून दिलेली कापसाची गासडी शेठ पुन्हा उघडून बघत नसे, एवढी ती ओळख. शेठनं गादीवर बसवलं, पान पुढं केलं, काम ऐकून घेतलं आणि म्हणाला, “छोकरा शिकते ते चांगला आहे. तारण काय आणला, आबाजी? सोना?”

“नाही.”

“घराचा कागद?”

“घर भाड्याचं.”

“मग?”

आबांनी उजव्या मिशीचा एक केस चिमटीत धरला आणि उपटला. डोळ्यांतून पाणी आलं पण चेहरा हलला नाही. तो केस त्यांनी शेठच्या पुढ्यात ठेवला.

पेढीवरचे सगळे मुनीम हसायला लागले. शेठही हसला. “अरे आबाजी, हा काट्यावर कसा घालू?”

“हलका वाटत असेल तर घेऊ नका,” आबा म्हणाले. “माझ्या आजानं असाच केस ठेवून शब्द दिला होता आणि पाळला होता. माझ्याकडे ह्याच्याहून भारी वस्तू नाही.”

शेठनं आबांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू थांबलं. त्यानं तो केस कागदात गुंडाळला, चांदीच्या डबीत घातला, डबी तिजोरीत ठेवली आणि त्याच तिजोरीतून पैसे काढले. व्याज मात्र लावलं हो. शेठ तो शेठच!

संध्याकाळी आबा घरी आले तेव्हा उजवी मिशी खाली आलेली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “भावोजी, एकच केस दिलात ना? मग अख्खी बाजू कशाला पाडलीत?”

“जमिनीचं खत दिलं म्हणजे काय नुसता कागद दिला? केस ही खूण. गहाण ती बाजू.”

“मग डावी का वर?”

“केस उजवीचा होता. डावी माझी आहे. उगीच तिलाही गहाण म्हणून कशाला सांगू? खोटं होईल.”

दुसऱ्याच दिवशी वखारीतल्या गोऱ्या साहेबानं त्यांना बघितलं आणि साहेब घाबरला. त्याला वाटलं, कारकुनाला अर्धांगवायू झाला! त्यानं आबांना खुर्चीवर बसवलं, डॉक्टर बोलावला, डॉक्टरनं जीभ काढायला लावली, हात वर करायला लावले. आबा मुकाट्यानं सगळं करत होते, कारण ‘मिशी गहाण आहे’ हे इंग्रजीत कसं सांगायचं ते त्यांना येत नव्हतं. शेवटी साहेबानं सक्तीची रजा दिली. आबा घरी येऊन म्हणाले, “बघा, मिशी कामाला लागली!”

त्या दिवसापासून ह्यांचं कॉलेज सुरू झालं आणि आबांची वसुलीही. शेठ पैशाचं व्याज घ्यायचा, आबा विद्येचं. रोज पानावर बसलं की पहिला घास उचलायच्या आधी, “हं, सदू, आजचं व्याज?” म्हणजे त्या दिवशी कॉलेजात जे नवीन शिकवलं असेल त्यातलं काहीतरी सांगायचं. सांगितल्याशिवाय आमटी वाढायची नाही. कधी ग्रीसच्या राजाची लढाई, कधी वाफेचं यंत्र, कधी एखादी इंग्रजी कविता, तीही अर्थासकट. मी चुलीपुढं पोळ्या लाटत ऐकायची. ह्यांना कॉलेजात जेवढं शिकवलं त्यातलं निम्मं तरी मी त्या पोळ्यांवर शिकले, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकदा ह्यांनी सांगितलं की चंद्राला स्वतःचा उजेड नाही, तो सूर्याकडून घेतो.

आबांचा घास हातातच राहिला. “घेतो? म्हणजे उसना?”

“तसंच म्हणायचं.”

“म्हणजे चंद्र कर्जबाजारी?”

“हो, आबा.”

आबा जेवण अर्धं टाकून, हात धुऊन, खाली ओट्यावर. “दाजीबा! अहो दाजीबा! वर बघा. तो चंद्र दिसतोय ना? सगळा कर्जाचा उजेड! आणि आहे का त्याला लाज? कसा ताठ हिंडतोय बघा! आता जा, घेऊन या जप्ती!”

दाजीबा मान वर करून चंद्राकडे बघायला लागले. पण दाजीबा हार मानणाऱ्यातले नव्हते. रोज सकाळी नळावर आबा भेटले की ते त्यांच्या उजव्या मिशीकडे असं बघायचे, जप्तीचं कपाट बघावं तसं. “काय आबा, पोरगा पास होईल ना? नाहीतर नेतील हो!” आबा नुसते डाव्या मिशीला पीळ द्यायचे. पण परीक्षा जवळ आली की मी त्यांना गॅलरीत एकटे उभे राहून उजव्या मिशीवरून हलकेच हात फिरवताना बघितलं आहे. आजारी मुलाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

मग मधल्या वर्षी चौलहून सांगावा आला. आबांची आई धाकट्या मुलाकडे राहायची, ती गेली. म्हातारी पिकलं पान होती, सगळं बघून गेली. पण आई ती आई. अंगणात पाट मांडला, भटजी आले, न्हावी आला. आईसाठी डोकं करायचं आणि मिशी काढायची ही रीत. न्हाव्यानं डोकं केलं. डावी मिशी काढली. आता वस्तरा उजवीकडे नेला तर आबांनी तळहातानं ती बाजू झाकली.

“थांब. ही माझी नाही.”

भटजी म्हणाले, “आबा, अहो काय हे? आईपुढं सावकार मोठा?”

“सावकार मोठा नाही. पण दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, हे मला आईनंच शिकवलंय. तिच्याच क्रियेत तिचं मोडू?”

वाडी जमली. दाजीबा म्हणाले, “कायद्यानं आबा बरोबर आहेत. गहाण वस्तूत फेरफार नाही.” भटजी म्हणाले, “शास्त्रानं अर्धी मिशी चालत नाही.” आणि कायदा आणि शास्त्र भांडत बसले तेवढ्यात आबा उठून चालायलाही लागले. डोक्याचा गोटा, डावा ओठ उघडा, उजवी मिशी लोंबलेली, अंगावर एक पंचा. असे भर उन्हात गिरगावातून मुंबादेवीपर्यंत. हे मागून धावत गेले. रस्त्यावरची माणसं हसत होती. ट्रामवाल्यानं घोडे थांबवून बघितलं. आबांना काही दिसत नव्हतं.

सुतक म्हणून पेढीची पायरी चढले नाहीत. खालूनच हाक मारली. शेठ बाहेर आला आणि बघतच राहिला.

“शेठ, आई गेली. मिशी काढायची परवानगी द्या. पुन्हा वाढली की पुन्हा तुमची. मधल्या काळात तारण राहणार नाही, तेव्हा पैसे परत मागायचे असतील तर तसं आत्ताच सांगा.”

शेठनं डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली. “आबाजी, केस परत वाढते. असा माणूस मी कुठून वाढवून आणू? जा. तुमची आई ते माझी आई. काढा.”

हे सगळं ह्यांनी मला मागाहून सांगितलं. त्या दिवसानंतर शेठचा माणूस आमच्याकडे तगाद्याला कधीच आला नाही. आणि मिशी पुन्हा वाढली तेव्हा आबांनी न चुकता डावी वर केली आणि उजवी खाली सोडली.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी हे फोर्टातून पळत आले. ट्राममध्ये बसले होते, पण म्हणाले, घोडे फार हळू चालले होते म्हणून मधेच उडी मारली. वाडीच्या तोंडाशी येऊन एवढंच ओरडले, “आबा! पास!”

मग काय विचारता! बायका गॅलऱ्यांतून ओरडायला लागल्या, कुणी थाळी वाजवली, कुणी घंटा. सासूबाई देवापुढं जाऊन बसल्या त्या उठेनात. आणि पेढे कुणी आणले? दाजीबांनी! स्वतःच्या पैशानं! परातभर पेढे घेऊन दारोदार वाटत होते आणि सांगत होते, “आमचा सदू! मी पहिल्यापासून म्हणत होतो!” मेल्यांची तोंडं कशी फिरतात बघा. पण त्या दिवशी मला त्यांचाही राग आला नाही. शेवटचा पेढा आबांच्या हातावर ठेवून दाजीबा खालच्या आवाजात म्हणाले, “आबा, आमचा धाकटाही हुशार आहे हो. तुमची डावी मोकळीच आहे ना?”

“मिशीला विचारून सांगतो!” आबा गरजले, आणि सगळी वाडी हसली.

ह्यांना मुंबईतच शिकवण्या मिळाल्या आणि कर्ज फिटत गेलं. शेवटचा हप्ता द्यायला मात्र आबा एकटे गेले नाहीत, अख्खी वाडी गेली. ताशेवाले पुढं, आबा मध्ये, आणि दाजीबा कोर्टाचा पट्टा घालून बाजूला. बायकांनी जायची पद्धत नव्हती, पण सासूबाई म्हणाल्या, “आज देवीचं दर्शन आहे,” आणि मला घेऊन निघाल्या. मुंबादेवी काय, पेढीच्या समोरच की! आम्ही देवळाच्या पायरीवरून सगळं बघितलं.

शेठनं डबी आणली, उघडली, कागद सोडवला. केस काळाभोर होता. आणि आबांची मिशी तोवर पांढरी झाली होती. आबा त्या केसाकडे बघत राहिले, आणि ताशेवालेही आपोआप थांबले. मग शेठच म्हणाला, “अरे बघता काय, आबाजी? तुमची मिशी!”

आबांनी उजवी मिशी दोन बोटांत धरली आणि पहिला पीळ दिला. काय तो आरडाओरडा! काय ते ताशे! मी पदराआडून हसत होते, रडत होते, आणि माझ्या हातातल्या पाटल्या वाजत होत्या.

आता इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ह्यांना नाशिकला हायस्कुलात मास्तरची जागा मिळाली. कायमची. ज्यासाठी एवढं केलं तेच पदरात पडलं. सासूबाई आमच्याबरोबर येणार हे ठरलेलंच होतं. आणि आबा म्हणाले, मी नाही येत. “गिरगावची मिशी आहे. तिला घाटावरची हवा मानवणार नाही. आणि दाजीबाच्या धाकट्याचं कोण बघेल?” तेही हसत, थट्टा करत. ह्यांनी सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं. उत्तर तेच, थट्टाही तीच. आमच्या पेट्यांना दोऱ्याही त्यांनीच बांधून दिल्या. आम्ही सगळे समजलो, आबांना वाडी सोडवत नाही.

निघायच्या आधी सासूबाई आणि मी प्रभादेवीला ओटी भरायला गेलो आणि लवकर परतलो. दार लोटलेलं होतं. आत धूर. बघते तर चुलीपुढं आबा! ज्या माणसानं जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो माणूस चुलीपुढं उकिडवा बसलेला. डोळे लाल, मिशीवर राख. एका हातात तांदळाची वाटी. चुलीवर आधण उकळत होतं आणि आबा आपल्याशीच पुटपुटत होते. “एका माणसाला एवढे पुरतील का? की जास्त होतात? उरले तर कोण खाणार?”

आम्ही परत यायच्या आत त्यांना शिकून ठेवायचं होतं. कुणाला कळू न देता.

तोवर मी आबांशी एक शब्दही थेट बोलले नव्हते. तेव्हा रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यांपुढं पदर घेऊन उभं राहायचं आणि काही सांगायचं असलं तर सासूच्या तोंडून सांगायचं. इतकी वर्षं एका घरात, त्यांच्या पानात रोज मी वाढायची, आणि मी त्यांच्याशी बोलतेय असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी केलं त्याबद्दलसुद्धा मी काही बोलले नव्हते. बोलायचं नसतंच ना!

मी पुढं गेले आणि त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली.

“आबा, एका माणसाचा भात ह्या घरात आजवर शिजलेला नाही. मी असेपर्यंत शिजणारही नाही. उठा, तुमची पेटी भरा.”

आबा भूत बघितल्यासारखे सासूबाईंकडे वळले. “वहिनी! ही बोलते!”

“बोलते तर!” सासूबाई दारातून म्हणाल्या. “आणि बरोबर बोलते. ऐका तिचं.”

आबांनी पंचा तोंडाला लावला आणि रडले. लहान मुलासारखे, खांदे हलवून. आम्ही दोघी तिथंच बसलो. पुष्कळ वेळानं त्यांनी तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच, मध्ये कुणाला न घालता, मला विचारलं, “सूनबाई, आणि मी तिथं दिवसभर करायचं काय?”

“पानावर बसायचं,” मी म्हणाले. “तुमच्याशिवाय व्याज कोण मागणार?”

आबा उठले आणि फडक्यात धरून त्यांनी ते उकळतं आधण मोरीत ओतून दिलं.